शेताच्या दस्तात सापडणारे कॅनन: मध्ययुगीन हंगेरीतली कॅथेड्रल मंडळं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे इतिहासाचे विद्यार्थी आहेत. त्यांना मध्ययुगीन हंगेरीवर प्रबंध करायचा आहे आणि त्यासाठी ते लॅटिन शिकताहेत. सरावाला घेतलेला पहिलाच दस्त एका गावाच्या विक्रीचा निघाला. त्याची सुरुवात मात्र अशी होती: 'आम्ही, चनादच्या चर्चचं मंडळ, सर्वांना कळवतो की...'. यावरून त्यांना तीन शंका आल्या. जमिनीच्या विक्रीत चर्चचं मंडळ कशाला? ही माणसं साधू होती, पाद्री होती की सरकारी कारकून? आणि चनादच्याच (हे बिशपचं ठिकाण, आज रुमेनियात) या मंडळातल्या माणसांवर प्रबंध होऊ शकेल का?

मी गेली अनेक वर्षं हेच दस्त वाचते आहे, म्हणून सविस्तर लिहिते. शंका तीन असल्या तरी अडचण एकच आहे. या मंडळांनी हजारो दस्त लिहिले, पण ते सगळे दुसऱ्यांच्या जमिनींचे, दुसऱ्यांच्या भांडणांचे. स्वतःबद्दल त्यांनी फार थोडं लिहिलं आणि त्यातलंही बरंचसं जळालं. त्यामुळे या पाद्र्यांचा इतिहास लिहायचा तर दुसऱ्यांच्या शेताच्या कागदांत त्यांना शोधावं लागतं. ते कसं करायचं हे कळायला आधी मंडळ म्हणजे काय आणि ते जमिनीच्या व्यवहारात कसं शिरलं, हे पाहावं लागेल.

बिशपच्या मुख्य चर्चला, म्हणजे कॅथेड्रलला जोडलेल्या पाद्र्यांच्या संस्थेला लॅटिनमध्ये 'कापितुलुम' म्हणत. हंगेरियनमध्ये त्याचं 'काप्तॉलॉन' झालं आणि पोर्तुगीजमध्ये 'काबीदो'. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलचं काबीदो ऐकून माहीत असेल, तर ही संस्था त्याच कुळातली आहे. तिच्या सभासदाला कॅनन म्हणतात. कॅनन म्हणजे साधू नव्हे, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. साधू मठात राहतो आणि त्याच्या मालकीचं काही नसतं. कॅननचं स्वतःचं घर असे, नोकर असत, पुस्तकं असत. तो मृत्युपत्र करू शके. पदाला लावून दिलेल्या उत्पन्नावर, म्हणजे दशमांशातल्या (चर्चला द्यायच्या दहाव्या हिश्शातल्या) आणि मंडळाच्या गावांतल्या वाट्यावर, तो जगत असे. त्या बदल्यात कॅथेड्रलमध्ये रोजची प्रार्थना आणि गायन चालू ठेवणं हे त्याचं काम होतं. प्रत्यक्षात ते काम बहुतेक वेळा त्याच्या हाताखालचे गायक-पाद्री आणि एकेका वेदीला नेमलेले पाद्री करत. त्यांचं उत्पन्न तुटपुंजं असे आणि मंडळात त्यांना मत नसे.

मंडळाचा प्रमुख प्रेपोश्त. त्याच्यानंतर मानाच्या क्रमानं लेक्टर, काँटर आणि कुस्टोस. काँटरकडे गायन असे, कुस्टोसकडे चर्चमधली भांडी, वस्त्रं आणि खजिना. लेक्टरच्या नावाचा अर्थ 'वाचणारा'. त्याच्याकडे शाळा होती, आणि लिहिण्या-वाचण्याचं सगळं काम होतं म्हणून दस्तलेखनही होतं. लेक्टरचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. याशिवाय आर्चडीकन असत. ते कॅननच, पण बिशपच्या प्रदेशातला एकेक भाग त्यांच्या देखरेखीखाली असे. मोठ्या कॅथेड्रलांत दोन डझनांपासून चाळीसपर्यंत कॅनन असत; झाग्रेबचा ठरलेला आकडा 32 होता. बिशप नसलेल्या काही महत्त्वाच्या चर्चनाही अशी मंडळं होती. सेकेशफेहेरवार, ओबुडा, पोझोन्य, सेपेश ही त्यातली मोठी नावं. सेकेशफेहेरवारला तर राजांचा राज्याभिषेक होई आणि त्यांच्यातल्या अनेकांना तिथेच पुरत.

आता जमिनीकडे येऊ.

इटलीत दोन माणसांना व्यवहार करायचा असला तर ते नोटरीकडे जात. त्याची सही आणि खूण कागदावर आली की काम झालं. हंगेरीत असा नोटरीवर्ग कधी नीट रुजलाच नाही. बाराव्या शतकापर्यंत व्यवहार तोंडी होत. राजाचा किंवा न्यायाधीशाचा एक माणूस, ज्याला प्रिस्ताल्दुस म्हणत, साक्षीला उभा राही. तो जिवंत असेपर्यंत, आणि प्रामाणिक असेपर्यंत, व्यवहार टिके. 1181 मध्ये राजा बेला तिसऱ्यानं ठरवलं की आपल्यासमोर चाललेल्या प्रकरणांची लेखी नोंद राहावी. राजदरबारापुरता प्रश्न सुटला. पण दूरच्या जिल्ह्यातल्या जमीनदारानं कुठे जायचं? लिहिता येणारी, मुद्रा असलेली, कागद जपून ठेवणारी आणि एकेका माणसाच्या मरणानं न संपणारी संस्था त्याच्या आसपास एकच होती: कॅथेड्रलचं मंडळ, नाहीतर एखादा मोठा मठ. 1231 मध्ये राजा अँड्र्यू दुसऱ्यानं सोनेरी फर्मानाची, म्हणजे उमरावांचे हक्क मान्य करणाऱ्या 1222 च्या सनदेची, नवी आवृत्ती काढली. तीत स्पष्ट म्हटलं आहे की खोट्या प्रिस्ताल्दुसांमुळे लोकांचं नुकसान होतं, म्हणून यापुढे बिशपची किंवा मंडळाची साक्ष असल्याशिवाय त्यांचं काम ग्राह्य धरू नये.

इथून या मंडळांना जे स्थान मिळालं त्याला हंगेरियनमध्ये 'हितेलेशहेय' म्हणतात, म्हणजे ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा असं ठिकाण. युरोपात इतरत्र मंडळं होतीच, पण मंडळं आणि मठ सगळ्या राज्याचं नोटरीचं काम सहा-सात शतकं करताहेत, हे हंगेरीचं वैशिष्ट्य आहे. हे काम पुढे आवरलंही गेलं. 1351 च्या कायद्यानं छोट्या मठांच्या मुद्रा बंद झाल्या, कारण त्यांच्या नावानं गैरव्यवहार होऊ लागले होते. इश्तवान व्हेर्बोत्सीनं 1514 मध्ये देशाच्या रूढ कायद्याचं संकलन पूर्ण केलं. त्यात बहुतेक मंडळांना आपापल्या भागापुरतं आणि ओबुडा, सेकेशफेहेरवारसारख्या मोजक्यांना सगळ्या देशभर काम करण्याचा अधिकार सांगितला आहे. नवे दस्त करण्याचं हे काम थांबलं ते 1874 च्या नोटरी कायद्यानं. विचार करा, रेल्वे आली, तारायंत्र आलं, तरी कॅनन दस्त करतच होते.

लेखी पुराव्याच्या आधीची अवस्था पाहायची असेल तर वारादचं उदाहरण घ्या. ते आज रुमेनियात आहे, नाव ओरादेआ. 1192 मध्ये संत ठरवलेल्या राजा लास्लोची कबर तिथल्या कॅथेड्रलमध्ये होती. न्यायाधीश आरोपींना आणि फिर्यादींना तिथे तापलेल्या लोखंडाचं दिव्य करायला पाठवत. माणूस तापलेलं लोखंड हातात धरून चाले, हात बांधून त्यावर मोहोर लावत, आणि काही दिवसांनी मोहोर उघडून जखम पाहत. हे सगळं मंडळाच्या देखरेखीखाली चाले. 1208 ते 1235 या काळातल्या 389 नोंदी आपल्यापर्यंत आल्या आहेत. मूळ हस्तलिखित हरवलं, पण 1550 मध्ये कोलोझवारला कुणीतरी ते छापलं म्हणून वाचलं. 1215 च्या लॅटरन परिषदेनं पाद्र्यांना दिव्यात भाग घेण्याची बंदी केली होती, तरी वारादला ते पुढे वीस वर्षं चालूच राहिलं. मला त्या नोंदींत सगळ्यात बोलकी वाटतात ती अर्ध्यावर थांबलेली प्रकरणं. लोखंड तापायच्या आधीच माणसं तडजोड करतात, आणि मंडळ ती तडजोड लिहून ठेवतं. देवाच्या न्यायाची जागा हळूहळू कागद घेतो आहे, आणि दोन्ही कामं तेच पाद्री करताहेत.

आता दस्त प्रत्यक्ष कसे होत ते पाहू, कारण तुमची माणसं त्यातच दडली आहेत.

साधा प्रकार म्हणजे पक्षकार स्वतः मंडळापुढे येत. विक्री, गहाण, वाटणी, बहिणीचा हिस्सा देणं, वैर मिटवणं असं काहीही असे. मंडळ त्यांची कबुली ऐकून दस्त करून देई. तेराव्या शतकात एकाच चर्मपत्रावर मजकूर दोनदा लिहीत, मध्ये ए, बी, सी अशी अक्षरं मोठी काढत आणि त्या अक्षरांमधूनच चर्मपत्र कापत. दोन तुकडे जुळले तर दस्त खरा. पुढे मुद्रेवरच भागू लागलं. सगळ्यात पक्क्या दस्ताला मुद्रा दोरीनं खाली टांगलेली असे. तात्पुरत्या कागदावर ती पाठीमागे दाबून लावत.

दुसरा प्रकार जास्त जिवंत आहे. राजानं कुणाला गाव दिलं, की मंडळाला आज्ञापत्र येई: आमच्या या-या माणसांपैकी एकजण ताबा द्यायला जाईल, तुम्ही तुमचा साक्षीदार बरोबर द्या. राजाचा माणूस म्हणजे आसपासचाच एखादा जमीनदार. मंडळाचा साक्षीदार म्हणजे त्यांच्यातला एक पाद्री. दोघं घोड्यावरून त्या गावी जात, शेजाऱ्यांना बोलावत आणि हद्दीवरून चालत. हा ओढा, हे खुणेचं झाड, हा मातीचा उंचवटा, जुना आणि त्याच्याशेजारी नवा घातलेला. अशी यादी दस्तात उतरते तेव्हा तीत मध्येच हंगेरियन किंवा स्लाव्ह शब्द येतात, कारण टेकडीचं नाव लॅटिनमध्ये कसं सांगणार? मग ते दोघं नियमाप्रमाणे तीन दिवस त्या जमिनीवर थांबत, कुणाची हरकत येते का ते पाहायला. आली तर हरकत घेणाऱ्याला राजाच्या न्यायालयात बोलावणं जाई. नाही आली तर दोघं परतून हकिगत सांगत, आणि मंडळ ती लिहून राजाला कळवी. अशा अनेक दस्तांची तारीख 'ताबा दिल्याच्या सोळाव्या दिवशी' अशी असते. पंधरा दिवस हरकतीला मोकळे सोडलेले असत, म्हणून सोळावा.

तुमच्या पहिल्या दोन शंकांचं उत्तर यात आलं. जमिनीच्या कामात हे मंडळ साक्षीदार, लेखक आणि दप्तरदार असं तिन्ही होतं. पण या कामानं ते सरकारी झालं नाही. कॅननचं पद आणि पोट चर्चचं होतं, दस्ताचं शुल्क ही वरची मिळकत. याचा एक पुरावा मला फार महत्त्वाचा वाटतो. 1556 मध्ये ट्रान्सिल्व्हेनियात (राज्याचा पूर्वेकडचा भाग, आज रुमेनियात) चर्चची मालमत्ता ताब्यात घेतली गेली आणि ज्युलाफेहेरवारचं मंडळ बंद पडलं. पाद्री गेले. पण दप्तर बंद करता येईना, कारण सगळ्या जमीनदारांचे हक्क त्यात होते. तेव्हा तिथे गृहस्थ दप्तरदार नेमले गेले आणि त्यांनी जुने दस्त शोधून नकला देणं, नवे दस्त करणं चालू ठेवलं. नेमलेले बहुतेक प्रोटेस्टंट होते. चर्चचं काम आणि दस्ताचं काम एकमेकांपासून किती वेगळं करता येत होतं, ते इथे दिसतं.

आता तिसरी शंका. माणसं कशी शोधायची?

दस्ताची सुरुवात सगळ्यांत सारखी असते, म्हणून नवशिके सुरुवात नीट वाचतात आणि शेवटाकडे दुर्लक्ष करतात. तुम्ही उलट करा. टांगत्या मुद्रेच्या दस्ताच्या शेवटी 'अमुक लेक्टरच्या हस्ते दिला' असं येतं, आणि मग 'उपस्थित' म्हणून प्रेपोश्त, काँटर, कुस्टोस, आर्चडीकन यांची नावं मानाच्या क्रमानं येतात. ही नावं त्या दिवशी खरोखर समोर बसलेल्यांचीच असतील असं नाही. त्या वर्षी पदावर कोण होतं याची ती यादी असते. पण असे पन्नास दस्त वर्षवार लावले की पदांची साखळी तयार होते. अमुक माणूस या वर्षी कुस्टोस, चार वर्षांनी काँटर, मग लेक्टर. पद रिकामं असेल तर तेही प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं: 'काँटरपद रिकामं असताना'. अशा रिकाम्या जागेवरून कुणी कधी मेला किंवा बदलून गेला, याचा अंदाज दोन दस्तांच्या मधल्या काळात बसवता येतो.

वरचे लोक असे सापडतात. खालचे सापडतात ते हद्दीवर चालताना. हकिगतीच्या पत्रात 'आमच्या चर्चमधला अमुक वेदीचा पाद्री' किंवा 'आमच्या गायकवृंदातला अमुक' साक्षीला गेला असं नाव येतं. महत्त्वाच्या प्रकरणाला कॅनन जाई, एरवी हेच लोक. चिखलातून, बर्फातून जाणारा तो पाद्री दहा वर्षं असाच हिंडतो, आणि मग एक दिवस दस्ताच्या शेवटच्या यादीत कॅनन म्हणून दिसतो. अशी नोंद सापडली की मला मनापासून आनंद होतो. त्या माणसाबद्दल दुसरं काहीही कुठेही लिहिलेलं नसतं.

यात चुका कुठे होतात ते सांगते, कारण त्यातल्या काही मी केल्या आहेत.

एक म्हणजे नावं. योहानेस, पेत्रुस, निकोलाउस, मिखाएल: एका मंडळात एका वेळी दोन-तीन योहानेस सहज असतात. पद किंवा गाव जुळल्याशिवाय दोन योहानेसना एक समजू नका. 'माजिस्तेर' ही पदवी पाहून तो विद्यापीठात शिकला असंही धरू नका. हंगेरीत तो मानाचा शब्द होता आणि गृहस्थ जमीनदारांनाही लावत.

दुसरं म्हणजे ठिकाणं. माझ्या पहिल्या मोठ्या कामात मी 'आल्बा' या शब्दावर फसले. सेकेशफेहेरवार म्हणजे आल्बा आणि ट्रान्सिल्व्हेनियातलं ज्युलाफेहेरवार म्हणजेही आल्बा. कॅथेड्रलमंडळ ज्युलाफेहेरवारचं, तेही बहुधा स्वतःला 'ट्रान्सिल्व्हेनियाच्या चर्चचं मंडळ' म्हणवतं. नुसतं 'आल्बाच्या चर्चचं' म्हटलं असेल तर ते सेकेशफेहेरवार असण्याचीच शक्यता जास्त. मी दोन्हीकडची माणसं एकाच तक्त्यात घातली होती, आणि ती वेगळी करण्यात जवळजवळ एक हिवाळा गेला. तसंच 'बुडाचं मंडळ' म्हणजे किल्ल्यातलं बुडा नव्हे, ओबुडा. 'बोस्नियाचं मंडळ' बोस्नियात नसून आजच्या क्रोएशियातल्या जाकोव्होला होतं. आणि प्रत्येक गावाला तीन-चार नावं आहेत: पोझोन्य, प्रेसबुर्ग आणि ब्रातिस्लाव्हा एकच, पेच, फ्युन्फकिर्खेन आणि लॅटिन क्विंक्वेएक्लेसिए एकच. पहिल्याच दिवशी स्वतःची वही करा.

तिसरं म्हणजे तारखा. त्या सणांवरून दिलेल्या असतात: 'संत जॉर्जच्या सणानंतरचा पहिला सोमवार'. बहुतेक छापील तक्त्यांत संत जॉर्ज 23 एप्रिलला असतो, पण हंगेरीत तो 24 ला पाळत. ज्या वर्षी 24 तारखेलाच सोमवार येतो, त्या वर्षी 23 धरून तुमचा दस्त 24 एप्रिलचा होतो, आणि 24 धरून 1 मेचा. एका आठवड्याच्या चुकीनं कुस्टोस आधी मेला की काँटर, हे उलटं होऊ शकतं. संत जॉर्जनंतरचा आठवा दिवस, म्हणजे 1 मे, हा राजाच्या न्यायालयाच्या मोठ्या सत्रांपैकी एकाचा दिवस होता, त्यामुळे हा सण तुम्हाला सतत भेटणार आहे.

ही माणसं कोण होती? जर्मनीतल्या काही मंडळांत उच्चकुलीन नसलेल्याला प्रवेशच नसे. हंगेरीत असा दरवाजा बंद नव्हता. लहान जमीनदारांची मुलं सगळ्यात जास्त, त्यांच्याबरोबर शहरी व्यापाऱ्यांची, आणि मधूनच जमीनदाराची शेती कसणाऱ्या कुळांच्या घरातलीही. तामाश बाकोत्स अशाच शेतकरी कुळाच्या घरातला. तो तितेलचा प्रेपोश्त झाला, मग ग्योर आणि एगेरचा बिशप, 1497 मध्ये एस्तेरगोमचा आर्चबिशप, 1500 मध्ये कार्डिनल, आणि 1513 च्या पोपच्या निवडणुकीत त्याचं नाव चर्चेत होतं. सगळे बाकोत्स नसतात. पण लॅटिन चांगलं असलेल्या गरीब मुलाला वर चढायला मंडळासारखी दुसरी शिडी त्या समाजात नव्हती. हुशार मुलांना बोलोन्या, पादुआ, पुढे व्हिएन्ना आणि क्राकोला शिकायला पाठवत. राजाच्या कचेरीतले लेखक पगाराऐवजी कॅननपदावर नेमले जात. त्यामुळे यादीत नाव असलेला माणूस कॅथेड्रलमध्ये वर्षानुवर्षं पाऊलही टाकत नसे. एकाच माणसाकडे दोन-तीन मंडळांची पदं असणं नेहमीचं होतं. म्हणून एका मंडळाचा अभ्यास करतानाही शेजारच्या मंडळांचे दस्त पाहावेच लागतात.

नेमणूक कोण करी, याचं उत्तर काळावर अवलंबून आहे. साधारणतः बिशप. चौदाव्या शतकात पोपकडे अर्ज करून पद मिळवण्याची रीत वाढली, आणि तुमच्यासाठी ती फार उपयोगाची, कारण त्या अर्जांच्या नोंदी व्हॅटिकनमध्ये आहेत आणि त्यात माणसाचं शिक्षण, आधीची पदं, उत्पन्न असं बरंच येतं. 1332 ते 1337 मधल्या पोपच्या दशमांश-वसुलीच्या याद्याही अशाच मोलाच्या आहेत. 1404 मध्ये राजा झिगमुंडनं आपल्या संमतीशिवाय पोपच्या नेमणुका चालणार नाहीत असा हुकूम काढला, आणि त्यानंतर राजाची मर्जी जास्त महत्त्वाची झाली.

आता चनाद. इथे परिस्थिती फार महत्त्वाची ठरते.

कुठल्या मंडळाबद्दल किती कळतं हे त्याच्या महत्त्वापेक्षा त्याच्या दप्तराच्या नशिबावर अवलंबून आहे. 1241 मध्ये मंगोल आले तेव्हा वाराद लुटलं गेलं. तिथला आर्चडीकन रोगेरिउस पळून, पकडला जाऊन, पुन्हा सुटून वाचला आणि त्यानं पाहिलेलं लिहून ठेवलं. 1276 मध्ये पीटर चाक या बड्या सरदाराच्या माणसांनी वेस्प्रेमचं कॅथेड्रल लुटलं, तिथली नामांकित शाळा आणि पुस्तकं गेली. पुढच्याच वर्षी ट्रान्सिल्व्हेनियातल्या सॅक्सनांनी, म्हणजे तिथे वसलेल्या जर्मनांनी, ज्युलाफेहेरवारचं कॅथेड्रल आत आसऱ्याला आलेल्या माणसांसकट जाळलं, दप्तरही गेलं. मग 29 ऑगस्ट 1526, तुर्कांविरुद्धची मोहाचची लढाई. राजा मेला, आणि दोन आर्चबिशप व पाच बिशप एका दुपारी मेले, त्यात चनादचा बिशपही होता. त्यानंतर तुर्क जसे पुढे सरकले तशी मंडळं गाशा गुंडाळून निघाली. 1543 मध्ये एस्तेरगोमचं मंडळ नाज्सोंबातला, आजच्या स्लोव्हाकियातल्या त्रनावाला गेलं आणि 1820 पर्यंत परतलं नाही. 1596 मध्ये एगेरचं मंडळ कश्शाकडे, आजच्या स्लोव्हाकियातल्या कोशित्सेकडे, गेलं. ज्यांना दप्तर गाड्यांवर लादायला वेळ मिळाला त्यांचा इतिहास आज लिहिता येतो. चनाद, कलोचा, वात्स यांना तो मिळाला नाही. त्यांची मध्ययुगीन दप्तरं जवळजवळ पूर्ण नष्ट झाली.

पण म्हणून चनाद सोडून द्या असं मी म्हणणार नाही. मंडळानं दिलेला दस्त मंडळाकडे नसतो, तो घेणाऱ्याच्या घरी असतो. मंडळाचं दप्तर जळालं तरी ज्या जमीनदारांना त्यानं दस्त दिले त्यांच्या घराण्यांच्या पेट्या दूरच्या किल्ल्यांत राहिल्या. शिवाय एका मंडळाचा जुना दस्त दुसऱ्या मंडळाकडे नेऊन त्याची नक्कल करून घेण्याची रीत होती, त्यामुळे मूळ हरवलेला मजकूरही कुठे कुठे टिकला आहे. तुमचा स्वतःचा विक्रीदस्त असाच वाचलेला आहे. तो आज ज्या संग्रहात आहे त्याची माहिती पाहा, बहुतेक एखाद्या कुटुंबाचं नाव दिसेल.

म्हणजे निवड अशी आहे. चनाद घेतलंत तर पदांची साखळी, साक्षीला हिंडणाऱ्यांची नावं आणि मंडळाचा वावर कुठपर्यंत होता त्याचा नकाशा, एवढं मिळेल. एम.ए.च्या प्रबंधाला ते पुरेसं आहे, आणि विखुरलेलं गोळा करायचं असल्यानं काम तुमचं स्वतःचं होईल. पण कॅनन कुणाच्या घरी राहत होते, उत्पन्न कसं वाटत, प्रार्थनेला गैरहजर राहिल्यास काय दंड होता, हे हवं असेल तर ज्यांचे नियम आणि हिशेब उरलेत ते मंडळ घ्या. झाग्रेबचे नियम आर्चडीकन योहानेसनं 1334 पासून संकलित केले, वारादचे 1374 चे आहेत, एस्तेरगोमची 1397 ची तपासणीही टिकली आहे. माझ्या मते पहिल्या प्रबंधाला वेस्प्रेम किंवा सेपेश बरं पडेल, कारण दस्त भरपूर आहेत आणि आटोक्यातही आहेत. चनादवरच मन बसलं असेल तर मी अडवणार नाही. फक्त दस्तात एखाद्याचं नाव नाही याचा अर्थ तो माणूस नव्हता असा काढू नका.

कामाला बसण्यासाठी आता बुडापेस्टला जावं लागत नाही. हंगेरीच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं 1526 पूर्वीच्या दस्तांची छायाचित्रं इंटरनेटवर मोफत ठेवली आहेत, दोन लाखांहून जास्त. 'डीएल' क्रमांक असलेले मूळ दस्त त्यांच्याकडचे, आणि 'डीएफ' म्हणजे दुसरीकडे असलेल्या दस्तांची छायाचित्रं. 1920 नंतर जुना हंगेरी अनेक देशांत वाटला गेला, म्हणून नित्रा, सेपेश, झाग्रेब, ज्युलाफेहेरवार ही दप्तरं आज तीन वेगळ्या भाषांच्या देशांत शोधावी लागतात. डीएफ क्रमांकामुळे निदान छायाचित्र एका ठिकाणी मिळतं. लॅटिन अवघड वाटेल, पण दस्तातलं लॅटिन साच्यातलं असतं. तीस दस्त नीट वाचलेत की एकतिसावा अर्धा आधीच माहीत असतो. हंगेरियन मात्र निदान वाचण्यापुरतं शिका. या विषयावरचं बरंचसं चांगलं लेखन त्याच भाषेत आहे.

सुरुवात तुमच्या त्या विक्रीदस्तापासूनच करा. छायाचित्र मोठं करून शेवटच्या दोन-तीन ओळी अक्षरशः उतरवा. लेक्टरचं नाव, मग काँटर, कुस्टोस, मग वर्ष. यादी नसेल तर दस्त टांगत्या मुद्रेचा नाही, आणि तेही कळणं कामाचं आहे. त्या ओळी पाठवल्यात तर संक्षेप सोडवायला मी मदत करेन.